चावीवाल्याची तहान

"काका, आता शेवटचाच प्रश्न," ऋतिका म्हणाली आणि तिने फॉर्मचं पान उलटलं. "तुमच्या मते हा आजार तुम्हाला कशामुळे झाला?"

नंदू घाडीगावकर डायलिसिसच्या खुर्चीत आडवा पडून छताकडे बघत होता. डाव्या हातात दोन सुया आणि त्यांच्या नळ्या उशाशी उभ्या असलेल्या मशीनमध्ये गेलेल्या. सुटायला अजून पावणेदोन तास बाकी होते. ऋतिका मानसशास्त्र शिकणारी मुलगी. किडनी गेलेल्या माणसांच्या मनात काय चालतं याचा अभ्यास करायला ती गेले चार दिवस बोरीवलीच्या त्या सेंटरमध्ये खुर्चीखुर्चीला फिरत होती. पोरगी गोड होती, उत्तर नाही मिळालं तरी रागावत नव्हती. आधीचे वीस प्रश्न नंदूने 'ठीक आहे' आणि 'चालतं' या दोन शब्दांवर निभावून नेले होते. झोप कशी लागते? ठीक आहे. जगण्यात रस वाटतो का? चालतं.

"पर्याय वाचते हां. आनुवंशिक, खाणंपिणं, मानसिक ताण, औषधांचा परिणाम, नशीब, इतर."

"इतर."

"इतर म्हणजे काय लिहू?"

नंदूने डोळे मिटून घेतले. त्या फॉर्मवर 'इतर'च्या पुढे जेमतेम दोन इंचांची रेघ होती. एवढ्या जागेत एक आख्खी बाई मावणार नव्हती. मुलीने थोडा वेळ वाट पाहिली, पेनाचं टोपण लावलं आणि थँक्यू काका म्हणून ती पुढच्या खुर्चीकडे गेली.

नंदू महापालिकेच्या पाणी खात्यात चावीवाला होता. मुंबईत नळाला पाणी येतं ते आपोआप येतं, अशी बऱ्याच शहाण्या माणसांची समजूत असते. ते कुणीतरी सोडावं लागतं. रस्त्यातलं लोखंडी झाकण उचलायचं, खांद्याएवढी उंच चावी आत घालायची आणि मोजून फेरे द्यायचे. या गल्लीला चौदा, त्या सोसायटीला वीस. वेळ संपली की तेवढेच उलटे फेरे. कांदिवली पूर्वेच्या टेकडीपासून हमरस्त्यापर्यंतचा पट्टा नंदूने एकतीस वर्षं सांभाळला. त्याच्या वेळेवर लोकांनी गजर लावले, आंघोळी उरकल्या, पोरं शाळेत पाठवली. दहा मिनिटं उशीर झाला तर खिडक्याखिडक्यांतून त्याच्या नावाचा उद्धार व्हायचा आणि त्याला त्याचा आतून अभिमानच वाटायचा. आपल्यावाचून एवढ्या लोकांचं अडतं, ही काही थोडी गोष्ट नव्हती.

आणि आता या माणसाला दिवसाला एक लिटर पाणी होतं. त्यातच चहा, त्यातच आमटी, त्यातच गोळ्या गिळायचं पाणी. लघवी जवळजवळ बंद झालेली. प्यायलेला प्रत्येक घोट अंगात साचून राहायचा आणि दोन दिवसांनी मशीनने काढायचा, असा चौदा महिन्यांचा क्रम. बायको रत्नप्रभा बर्फाचे खडे चोखायला द्यायची, लिंबाची फोड द्यायची. तहान त्याने तेवढ्यापुरती फसायची आणि पुन्हा उभी राहायची. शेजारी कुणी बादली भरायला लावली की नंदू उठून दुसऱ्या खोलीत जायचा.

दिवाळीपासून तो गप्पच झाला. शुक्रवारच्या भजनाला जाईना, दाढी करीना, भिंतीकडे तोंड करून पडून राही. डॉक्टरांनी मन उदास होतं त्यावर गोळी लिहून दिली. ती त्याने कपाटाच्या खणात ठेवून दिली. कारण ठाऊक नसलेल्या उदासीला गोळी चालत असेल, त्याला तर कारण चांगलं ठाऊक होतं.

गुरुवारी सकाळी तो नेहमीप्रमाणे सातला सेंटरला म्हणून निघाला आणि रिक्षावाल्याला त्याने आपल्या जुन्या पट्ट्यात न्यायला सांगितलं. टेकडीखालच्या वळणावर एक झाकण आहे, त्याच्यासमोर पिंपळाचा पार आहे, तिथे तो जाऊन बसला. मोबाइल चार वेळा वाजला. पाचव्यांदा वाजला तेव्हा त्याने तो बंद करून खिशात टाकला. आता मशीनला जायचं नाही, हे त्याने मंगळवारी त्या दोन इंचांच्या रेघेकडे बघतानाच ठरवलं होतं. रागाने नाही, थकून ठरवलं होतं. न गेल्यावर काय होतं ते त्याने शेजारच्या खुर्च्या रिकाम्या होताना पाहिलं होतं. आठ दिवस, फार तर दहा.

रत्नप्रभेला सेंटरमधून कुंदा सिस्टरचा फोन गेला की काका आलेच नाहीत. बत्तीस वर्षांच्या संसारात नवरा कुठे जाऊन बसेल एवढं तिला कळत होतं. पायातल्या घरच्या सपाता न बदलता ती रिक्षाने आली आणि पाराला टेकली. दोघं बराच वेळ त्या झाकणाकडे बघत राहिले.

"कित्याक?" शेवटी तिने कारण विचारलं.

मग त्याने सांगितलं. पंधरा वर्षांपूर्वीचा पाणीकपातीचा उन्हाळा. सगळ्या पट्ट्याला चाळीसच मिनिटं पाणी सोडायचा हुकूम होता. टेकडीच्या माथ्यावर नंदूची बहीण माधुरी राहायची, नुकतीच बाळंत झालेली. खालच्या चाळीची चावी उघडी असेपर्यंत माथ्यावर पाणी चढायचंच नाही. नंदूने दोन महिने त्या चाळीची चावी पंधरा मिनिटं आधी बंद केली. कागदोपत्री चाळीस, प्रत्यक्षात पंचवीस. कोणाकडून एक पैसा घेतला नाही की काही नाही, म्हणून त्याला ते पाप वाटलंही नाही. एके सकाळी चाळीतल्या बायकांनी त्याला या इथेच गाठलं. सगळ्यांच्या पुढे सोनूबाई रोकडे, रिकामी कळशी कमरेवर. नंदूने त्यांच्यादेखत चावी बंद केली, म्हणाला वरून ऑर्डर आहे. तेव्हा ती बोलली.

"काय बोलली?"

"पाण्यासाठी तडफडशील, म्हणाली. घोट घोट मोजून मिळंल तुला, म्हणाली." नंदू बायकोकडे वळला. "मोजून, रत्ना. एक लिटर."

रत्नप्रभेने पदर तोंडाशी धरला. घाडीगावकरांच्या घरात हे बोलणं साधं नव्हतं. नंदूचे आजोबा गावच्या देवळात उभं राहून लोकांसाठी गाऱ्हाणं घालायचे. कुणाचा तळतळाट कुणाला लागला आणि तो कसा उतरवायचा, हेच त्यांचं काम. नंदू मुंबईत जन्मला, खात्यात लागला, पण आजोबांनी तांदूळ टाकून सांगितलेलं खोटं ठरलेलं त्याने कधी ऐकलं नव्हतं.

"मग तिच्याकडे का नाही गेलास?"

"कुठल्या तोंडाने जाऊ?"

रत्नप्रभा उठली. तिने सौदा केला. उद्या आपण दोघं त्या बाईकडे जाऊ. जाऊन आल्यावरही तुका मशीन नको असेल, तर मी एका शब्दाने अडवणार नाही. नंदूने तिच्याकडे बघितलं. ती खोटं बोलत नव्हती, म्हणून तो हो म्हणाला. घरी आल्यावर तिने कुंदाला फोन केला. कुंदाने आधी झापलं, मग शुक्रवारी दुपारी तीनची खुर्ची राखून ठेवली आणि बजावलं की तोपर्यंत पाणी जवळजवळ बंद, आणि दम लागला तर थेट ॲडमिट.

सोनूबाई कुठे राहते ते शोधावं लागलं नाही. चाळ पाडून तिथे सात मजली बिल्डिंग उभी राहिली होती आणि तिचीही लाइन निवृत्त होईपर्यंत नंदूच सोडत होता. इतकी वर्षं तो मान खाली घालून चावी फिरवायचा आणि निघून जायचा. शुक्रवारी अकराच्या सुमाराला दोघं चौथ्या मजल्यावर पोचले तेव्हा लिफ्ट असूनही नंदूला धाप लागली होती. पाय सुजून चपलेबाहेर आले होते.

दार सोनूबाईनेच उघडलं. केस पांढरेशुभ्र, चष्मा जाड, पाठ मात्र ताठ. भिंतीवर बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर, खाली निवडायला घेतलेली मेथी. तिने नंदूला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"चावीवाला," ती म्हणाली आणि बाजूला झाली. "या, बसा."

दोघं खुर्च्यांवर बसले. सोनूबाईने आतून ताटलीत दोन पेले पाणी आणून समोर ठेवलं. रत्नप्रभेने आपला पेला उचलून एका दमात रिकामा केला. नंदूने रात्रभर जुळवलेली वाक्यं आठवायला सुरुवात केली, पण डोळ्यांसमोर तो काठोकाठ भरलेला पेला होता आणि त्यापलीकडे त्याला काही दिसेना. मंगळवारपासूनचं पाणी अंगात, छातीत घरघर आणि जीभ टाळूला चिकटलेली.

"पाणी घ्या," सोनूबाई म्हणाली.

"नको."

"घ्या की. लांबून आलाय."

"नको, राहू दे," असं म्हणून नंदूने पेला हाताने थोडा पलीकडे सारला.

सोनूबाईचा चेहरा बदलला. ती हळूच खाली बसली आणि मेथीची जुडी पुढे ओढत म्हणाली, "बायकोनं घेतलं. तुमालाच आमच्या घरचं पाणी चालत नाही म्हणा."

नंदूला काय झालं ते कळायला एक क्षण लागला, आणि कळलं तेव्हा त्याच्या कानशिलापर्यंत आग पोचली. ज्या बाईचं पाणी तोडलं तिच्याच घरी येऊन आपण तिचं पाणी सारून ठेवलं होतं. तो उठायला गेला, त्याला उठता येईना. शेवटी रत्नप्रभाच खाली बसली, सोनूबाईच्या समोर, आणि तिने सगळं सांगून टाकलं. दोन्ही किडन्या, आठवड्यातून तीन दिवस मशीन, दिवसाचं लिटरभर पाणी. काल गेले नाहीत, म्हणून आज तेवढंही नाही. तसलं काही मनात नाय ओ बाई, ती पुन्हा पुन्हा म्हणत राहिली. सोनूबाई ऐकत होती आणि तिच्या हातातली काडी तशीच राहिली होती.

"तुम्ही म्हणाला होता," नंदू म्हणाला. "त्या झाकणापाशी. घोट घोट मोजून मिळंल. तुमचा शब्द लागला मला. मी पंधरा मिनिटं आधी बंद करायचो. वरून ऑर्डर नव्हती. बहिणीकडे पाणी चढावं म्हणून करत होतो." आणि मग हात जोडून, "तुमचा शब्द मागे घ्या. एवढं मागायला आलोय."

सोनूबाईने हातातली काडी खाली ठेवली. खाली कुणाचा तरी प्रेशर कुकर वाजत होता.

"बोलले होते मी," ती म्हणाली. "चांगलं आठवतंय. माझी सासू तवा अंथरुणाला खिळलेली. सगळं जागेवर. तिला धुवायला पाणी लागायचं, दोन बादल्या तरी. तुम्ही बंद केलं की एकच भरायची. मग तिला पुसायचं की पोरांना न्हाऊ घालायचं, असं रोज. ती मला म्हणायची, सोने, वास येतोय गं मला माझाच."

नंदूने मान खाली घातली. हे त्याला ठाऊक नव्हतं. बंद केलेल्या चावीच्या त्या टोकाला नुसती चाळ असते, असंच तो धरून चालला होता.

"त्याच पावसाळ्यात गेली ती. वयानं गेली, तुमच्यामुळं नाही. पण शेवटचे दोन महिने तिला घाणीत झोपावं लागलं. त्याची माफी मागायला आला असाल तर ती माझ्याकडं नाही. मी इसरणार नाही, आणि तुम्हीबी इसरू नका." तिने चष्मा काढून पदराने पुसला. "पण शाप-बिप काय घेऊन बसलाय? मी त्याच दिवशी कामावर जाऊन मुकादमालाबी बोलले होते, निर्वंश व्हशील म्हणून. त्याला आता तीन नातवंडं हायत."

रत्नप्रभेला हसू आलं आणि तिने ते दाबलं.

"आमच्या आईनं देव्हारा नदीत सोडला तवाच आमच्यातलं हे संपलं. डॉक्टर काय म्हणतो तुमचा?"

"बीपी म्हणतो. बारा वर्षांचं. आणि गुडघ्यांसाठी गोळ्या खायचो, त्या."

"मग? डॉक्टरपेक्षा माझी शिवी मोठी का?"

नंदू तिच्याकडे बघत राहिला. त्याला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं, पण तसं वाटलं नाही. आतून काहीतरी ढासळत चाललं होतं आणि ते काय आहे हे त्याला त्या खुर्चीत बसूनच उमगलं. शाप होता तोवर तो उतरवता येणार होता. ही बाई एकदा शब्द मागे घेते म्हणाली की आजोबांच्या गाऱ्हाण्यानंतर लोक उठून बसायचे तसं आपलंही होईल, किडन्या जाग्या होतील, एखाद्या सकाळी उठून आपण तांब्याभर पाणी पिऊ, असं त्याने चौदा महिने कुणालाही न सांगता मनात धरून ठेवलं होतं. जाऊन तिला भेटायचं तो टाळत होता तेही ही आशा मोडू नये म्हणूनच. आणि ही म्हणत होती की मागे घेण्यासारखं काही नाहीच.

"मग हे बरं होणार नाही," तो म्हणाला. "हे असंच राहणार."

"हो," सोनूबाई म्हणाली.

इतक्या सरळपणे त्याला हे कुणीच सांगितलं नव्हतं. डॉक्टर टक्के सांगायचे, भजनातले लोक धीर धर म्हणायचे. नंदू रडायला लागला. साठीचा माणूस परक्या घरात खांदे हलवून रडत होता आणि दोन्ही बायका त्याला रडू देत होत्या. रत्नप्रभेचा हात त्याच्या सुजलेल्या पावलावर होता. सोनूबाई मेथी निवडत राहिली.

तो शांत झाल्यावर ती म्हणाली, "एक सांगते. तुम्ही मशीनला गेला नाही आणि मेला, तरी माझ्या सासूला आंघोळ मिळायची नाही. माझ्या नावावर मरू नका. मला नको ते."

नंदूने तोंड पुसलं. मग पुढे वाकून त्याने तो सारलेला पेला उचलला आणि रत्नप्रभेकडे पाहिलं. रत्नप्रभेने मेथीच्या जुडीकडे बघायला सुरुवात केली. चौदा महिन्यांत तो कधी एका दमात प्यायला नव्हता. तो प्यायला, शेवटच्या थेंबापर्यंत, आणि पेला ताटलीत नीट ठेवला. पाणी गार होतं, माठातलं असावं.

"मशीन कधी हाय?" सोनूबाईने विचारलं.

"तीनला."

"मग बसलाय काय? उठा."

सेंटरमध्ये कुंदा सिस्टर दारातच उभी होती. काही विचारायच्या आधी तिने त्याला वजनकाट्यावर उभं केलं. दर वेळी मशीनला लावण्याआधी वजन करायचं, जास्तीचं जेवढं भरेल तेवढं पाणी काढायचं, असा नियम. काट्यावरचा आकडा बघून तिने कपाळाला हात लावला.

"चार किलो वर! काका, हे सगळं एका दिवसात नाही निघायचं, हार्टला झेपणार नाही. आज तीन लिटर काढते. बाकीचं उद्या सकाळी. उद्या येणार आहात ना, की परत पारावर?"

"येतो," नंदू म्हणाला.

रत्नप्रभा दाराशी उभी होती, ती वळून बाहेरच्या बाकावर जाऊन बसली. नंदू खुर्चीत आडवा झाला. बाही स्वतःच वर सारून त्याने डावा हात कुंदाच्या पुढे केला. दोन्ही सुया लागल्या. कुंदा मशीनवर आकडे भरायला वळली तेव्हा त्याने तिला हाक मारली.

"सिस्टर, उद्यासुद्धा सगळं काढू नका. एक पेला राहू दे."

"कसला पेला?"

"एका घरी दिला होता."

कुंदाने त्याच्या तोंडाकडे पाहिलं. नियमात बसणारी गोष्ट नव्हती, पण दोनशे मिलीने कुणाचं काही बिघडत नाही हे तिला ठाऊक होतं. तिने नंदूच्या फाइलमध्ये उद्याच्या तारखेपुढे काढायचं पाणी एक हजार मिली लिहिलं होतं. ते खोडून तिने आठशे केलं.